बॉण्ड पेपर आणि सॅलरी कॅप

प्रश्न : मुलगा बारावी सायन्सला आहे, वय सतरा. जेईईच्या क्लासची दोन वर्षांची फी भरून झाली. हा मात्र रात्री दोनपर्यंत एनबीए या अमेरिकेतल्या बास्केटबॉल लीगमधल्या संघांचे पगार एक्सेलमध्ये मांडत बसतो. आता म्हणतो, लॉ करून खेळाडूंच्या करारांचं काम करणार. शेवटी बॉण्ड पेपरवर लिहून घेतलं, की ९५ पर्सेंटाइलच्या खाली आला तर बास्केटबॉल बंद. त्यावर म्हणतो, 'मी कायद्याने अज्ञान आहे, करार रद्दबातल.' त्याची वही कपाटात ठेवली आहे. पगाराची मर्यादा एकदा ठरली, की त्यात शिकण्यासारखं काय उरतं? त्याला समजवा.
– एक वडील, सांगली

उत्तर : साहेब, मुलगा बरोबर आहे. भारतीय करार कायदा, १८७२, कलम ११. अठरा वर्षांखालच्या मुलाचा करार होतच नाही. १९०३ साली मोहोरी बीबी खटल्यात प्रिव्ही कौन्सिलनेच, म्हणजे त्या काळच्या सर्वोच्च न्यायालयानेच, तसं ठरवलं. बॉण्ड पेपरचे पैसे गेले. ऐन भांडणात ज्याला हे सुचतं, त्याला वकिली जमेल का, हे मला विचारू नका.

मला खटकलं ते 'लिहून घेतलं'. ९५ च्या वर गेला तर तुम्ही काय देणार, हे त्या कागदावर आहे का? पत्रात तरी नाही. आणि ज्या सॅलरी कॅपला, म्हणजे संघाच्या एकूण पगारांच्या मर्यादेला, तुम्ही हसताय, तीसुद्धा मालकांनी परस्पर लादलेली नाही. १९८३ साली खेळाडूंच्या संघटनेशी वाटाघाटी करून ती ठरली, आणि मर्यादा मान्य करताना खेळाडूंनी लीगच्या उत्पन्नाच्या ५३ टक्क्यांची हमी पदरात पाडून घेतली. तुमच्या घरात वाटाघाट झालीच नाही, थेट सही झाली. वही कपाटात ठेवणं तर मला अजिबात आवडलं नाही.

आता तुमचा गैरसमज. कॅप म्हणजे छत नव्हे. एनबीएत संघ ती ओलांडू शकतो, विशेषतः स्वतःच्याच खेळाडूला राखताना. पण कोणाला किती, हे तो खेळाडू किती वर्षं संघात होता यावर ठरतं. खरी मारामारी या अपवादांत असते. २००४ साली क्लीव्हलँडच्या संघाकडे कार्लोस बूझर या खेळाडूला आणखी एक वर्ष सुमारे ७ लाख डॉलर्सवर ठेवायचा हक्क होता. संघाने तो सोडून दिला. तो आपल्याशीच सहा वर्षांचा, सुमारे ४ कोटी १० लाख डॉलर्सचा करार करेल, अशी समजूत होती. युटाच्या संघाने ६ कोटी ८० लाखांच्या आसपास देऊ केले. बूझरची क्लीव्हलँडमध्ये दोनच वर्षं झाली होती, त्यामुळे कॅपच्या नियमांत तेवढी रक्कम देणं क्लीव्हलँडला शक्यच नव्हतं. शब्द दिला होता, असं संघ म्हणाला. दिलाच नव्हता, असं बूझर म्हणाला. उलट मिनेसोटाच्या संघाने कॅपला बगल द्यायला जो स्मिथ या खेळाडूशी पुढचा करार गुपचूप लेखी ठरवून ठेवला होता. एजंटांच्या आपसातल्या कोर्टकज्ज्यात ते उघड झालं, आणि २००० साली संघाला ३५ लाख डॉलर्स दंड झाला, शिवाय ड्राफ्टमधले, म्हणजे नवे खेळाडू निवडण्याचे, हक्कही गेले. शिकायचं असतं ते हे.

मुलालाही एक सांगा. खेळाडूंचा एजंट व्हायला तिकडच्या संघटनेची परीक्षा लागते, वकिलीची पदवी नाही. पण अमेरिकेत राहणं आणि ओळखी लागतात. आपल्या एलएलबीवर तिथल्या कोर्टात थेट उभं राहता येत नाही. इथे मात्र आयपीएलची पर्स (संघाला खर्चायची ठरलेली रक्कम) आणि रिटेन्शन (जुने खेळाडू राखणं) हेच डोकं मागतात, आणि २०२५ च्या क्रीडा प्रशासन कायद्यात स्वतंत्र क्रीडा न्यायाधिकरणाची तरतूद आहे. सीएलएटी, एमएच-सीईटी लॉ या लॉच्या प्रवेश परीक्षा बारावीनंतर देता येतात. सायन्स आड येत नाही. जेईईही देऊ दे. फी भरलीत ती तुम्ही. तिच्या वसुलीसाठी त्याची इंजिनीअरिंगची चार वर्षं लावू नका.

वही आजच परत द्या. जेवताना विचारा, क्लीव्हलँडने काय करायला हवं होतं? उत्तर आलं नाही, तर मला पुन्हा लिहा. मग जेईईचं बोलू.