नवे बूट आले, पण बांधणी पाहून मन खट्टू झालं. ठेवू की परत करू?

आधी बघा, खोट दिसण्यातली आहे की टिकण्यातली. वाकडा टाका, लोंबणारा दोरा, कडेला ओघळलेला गोंद हे डोळ्यांना खुपतं, पण त्याने बुटाचं आयुष्य घटत नाही.

सोलची मात्र झडती घ्या. बूट चवड्यापाशी वाकवा. सोल आणि वरचं चामडं यांच्यात नखाएवढी जरी फट उघडली, तरी सरळ परत. मग दोन्ही बूट टेबलावर ठेवून मागून बघा. एखादा डुगडुगत असेल किंवा टाच तिरकी बसली असेल, तर ते वापरून सुधारत नाही.

सोलच्या कडेला दिसणाऱ्या शिवणीला भुलू नका, ती कधीकधी नुसती शोभेची असते आणि सोल खरं तर चिकटवलेला असतो. नुसता चिकटवलेला सोल वाईटच असं नाही (धावण्याचे बहुतेक बूट तसेच असतात), पण शिवलेला म्हणून जादा पैसे मोजले असतील तर मी तरी ठेवणार नाही.

तुमची तक्रार फक्त दिसण्याची असेल आणि पायाला बूट छान बसत असतील, तर मी ठेवेन. निर्णय होईपर्यंत घरातच, स्वच्छ चादरीवर चालून बघा. सोलवर ओरखडे दिसले की दुकानदार हात वर करतात. बुटांचा खोकाही फाडू नका.