हा आकडा कुठल्या विषाणूवरचा?

चि. विद्यार्थिनीस,
अनेक आशीर्वाद.

तुझा मेसेज वाचला. आरएसव्हीला, म्हणजे तान्ह्या बाळांच्या फुफ्फुसांना ग्रासणाऱ्या त्या विषाणूला, इतक्या कमी मात्रेत थोपवणारा अँटिबॉडीचा क्लोन (एकच अँटिबॉडी बनवणाऱ्या पेशींचा वंश) हाती लागला म्हटल्यावर तुला रात्रभर झोप आली नसणार. पण पाषाणच्या त्या अमृततुल्यात सगळ्यांना चहा पाजण्याआधी एक सांग: हा आकडा कुठल्या विषाणूवरचा? फ्रीझरमधल्या ‘ए टू’ या जुन्या वाणावरचाच ना? तो 1961 साली मेलबर्नमधल्या एका बाळाकडून मिळालेला. प्रयोगशाळेत छान वाढतो, म्हणून जो तो त्याच्यावरच हात साफ करतो.

मीही केला. दीड वर्ष एका क्लोनचे लाड पुरवले. मग वॉर्डातल्या मुलांच्या स्वॅबमधून वाढवलेले विषाणू समोर ठेवले, तर निम्म्यांकडे आमच्या अँटिबॉडीनं ढुंकूनही पाहिलं नाही.

मोठ्या कंपन्याही यातून सुटलेल्या नाहीत. सुपटाव्युमॅब नावाची अँटिबॉडी हजाराहून अधिक अपुऱ्या दिवसांच्या बाळांवरच्या तिसऱ्या टप्प्यातल्या चाचणीपर्यंत पोचली आणि 2017 मध्ये आपटली. आरएसव्हीच्या दोन गटांपैकी ‘ए’ गटावर ती चालत होती. ‘बी’ गटाच्या फिरत्या विषाणूंत मात्र, ती जिथे चिकटायची नेमकी तिथलीच दोन अमिनो आम्लं, म्हणजे प्रथिनाच्या साखळीतले दोन दुवे, बदललेली होती. फक्त दोन!

म्हणून आकड्याआधी तुझी अँटिबॉडी चिकटते ती जागा बघ. विषाणूवरचं एफ प्रथिन म्हणजे आपल्या जुलैतली छत्री. पेशीत शिरताना ती एकदा उलटली की पुन्हा सरळ होत नाही. 1960 च्या दशकात फॉर्मालिननं मारलेल्या विषाणूची लस मुलांना दिली गेली. तिच्यातल्या बहुतेक छत्र्या उलटलेल्या होत्या, हे पुष्कळ उशिरा कळलं. त्यातून तयार झालेल्या अँटिबॉडी चिकटत, पण विषाणूला अडवत नसत. लस घेतलेल्या मुलांचा आजार उलट बळावला, दोन बाळं दगावली. न उलटलेल्या एफची नेमकी रचना हाती यायला 2013 उजाडलं. निर्सेव्हिमॅब ही आता वापरात असलेली अँटिबॉडी त्या न उलटलेल्या छत्रीच्या माथ्याला धरते. तिथेही बदल होतातच. म्हणून औषध वापरात आल्यावरही विषाणूंचे जनुकक्रम तपासत राहावे लागतात.

अँटिबॉडीच्या शेपटीत तीन अमिनो आम्लं बदलून तिला रक्तात जास्त दिवस टिकवायची युक्ती तुला ठाऊकच आहे. 1998 मध्ये आलेली जुनी अँटिबॉडी पालिव्हिझुमॅब दर महिन्याला टोचावी लागे, निर्सेव्हिमॅब हंगामात एकदाच. ते काम महत्त्वाचं, पण तुझ्यासाठी आज नाही. चुकीच्या जागी चिकटणारी अँटिबॉडी चार महिने टिकवून काय लोणचं घालायचंय?

किमतीचा विचार मात्र आतापासून कर. इथे हडपसरला सीरम इन्स्टिट्यूटनं रेबीजविरुद्धची मोनोक्लोनल (एकाच क्लोनची) अँटिबॉडी बनवून बाजारात आणली, त्यामुळे पुण्यात हे जमत नाही असं कुणी म्हटलं तर ऐकू नकोस. पण मात्रा जितकी कमी लागेल तितकं ते इंजेक्शन ससून रुग्णालयाच्या रांगेतल्या आईच्या आवाक्यात येईल. तुझ्या त्या आकड्याचं मला कौतुक आहे ते याचसाठी.

आता असं कर. नैतिक समितीचा अर्ज या आठवड्यात टाक. परवानगीला वेळ लागतो आणि पावसाळा थांबत नाही. बालरोगतज्ज्ञांकडून यंदाचे नमुने मागव, ‘ए’ आणि ‘बी’ दोन्ही. तोवर विषाणूंचे उपलब्ध जनुकक्रम एकाखाली एक मांडून तुझ्या क्लोनच्या जागी काय काय बदललंय ते पाहा. रविवारी येताना तो तक्ता छापून आण, मोठ्या अक्षरात. मोतीबिंदूचं ऑपरेशन अजून व्हायचंय.

तुझा,
सर