गूगल-फेसबुकने बातम्यांसाठी वर्तमानपत्रांना पैसे द्यावेत का?

द्यावेत. प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय, "फुकटात वाचक मिळवून देतात, उलट पेपरवाल्यांनीच आभार मानावेत." हे मी घरच्याच माणसाकडून ऐकलंय, म्हणून लिहायला बसलो.

मी बेळगावातल्या एका मराठी दैनिकाचा वार्ताहर. मानधन छापून आलेल्या मजकुरावर, सेंटिमीटर मोजून. ऑगस्ट २०१९ च्या पुरात मलप्रभेचं पाणी बघायला गाडीवरून खानापूर गाठलं. मोबाईल प्लास्टिकच्या पिशवीत, रेनकोट असून आत सगळा चिंब. कमरेइतक्या पाण्यातून म्हैस ओढून काढणाऱ्या दोघांचा फोटो मिळाला. कार्यालयाच्या ग्रुपवर टाकला आणि पान लागायच्या आत तो एका फेसबुक पेजवर! माझं नाव नाही, पेपरचं नाव नाही, कोपऱ्यात पेजचा ठसठशीत लोगो. पेज कुणाचं? माझ्या सख्ख्या भाच्याचं. ग्रुपमधून त्याला कुणी पुरवला तेही माहीत आहे, पण ते इथे नको.

गणपतीत आरती झाल्यावर विषय काढला. म्हणाला, "मामा, बातमी काय कुणाच्या बापाची असतीय? पूर सगळ्यांनी बघितलाय की! पेजमुळंच तुमचा पेपर लोकांना कळतोय." पेपरचं नाव उडवून हे! बहिणीने करंज्यांचं ताट पुढे सरकवलं. मी हात लावला नाही.

कायद्याने भाचा निम्मा बरोबर आहे. घटनेवर कॉपीराइट नसतो. फोटोवर आणि लिहिलेल्या मजकुरावर असतो. पूर सगळ्यांचा, फोटो माझा.

वरच्या पातळीवरही भांडण हेच. ऑस्ट्रेलियाने २०२१ मध्ये पैसे द्यायचा कायदा आणला, तर फेसबुकने तिथल्या बातम्याच आठवडाभर बंद केल्या. हवामान खात्याचं पानही त्यात अडकलं. कॅनडात मेटाने (फेसबुकची मालक कंपनी) ऑगस्ट २०२३ मध्ये तेच केलं, नेमकी तिकडे जंगलं पेटलेली असताना. गूगल मात्र वर्षाला १० कोटी कॅनेडियन डॉलर द्यायला कबूल झालं. आपल्याकडे प्रकाशकांच्या तक्रारीवरून स्पर्धा आयोगाने (कंपन्यांच्या मक्तेदारीवर लक्ष ठेवणारी सरकारी संस्था) जानेवारी २०२२ मध्ये गूगलच्या चौकशीचा आदेश दिला. पुराच्या दिवसांत आमच्याकडे बातम्या अशा बंद झाल्या असत्या, तर कुठला रस्ता पाण्याखाली आहे हे लोकांना कुठून कळलं असतं? (होय, भाच्याच्या पेजवरून. पण त्याला कुठून कळलं असतं?)

आता एक राहिलंच. पैसे आले तरी मालकाकडे जातील, सेंटिमीटरवाल्याकडे नाही. त्या फोटोत माझं पेट्रोलही सुटलं नव्हतं. आणि गावकऱ्यांनी व्हॉट्सअ‍ॅपवर पाठवलेले फोटो मीही बिननावाचे पुढे दिलेत, तेव्हा फार ताठ बोलत नाही.

तुमचं पेज असेल तर फोटोखाली काढणाऱ्याचं नाव घाला, पैशाचं काय ते कोर्ट बघून घेईल. आणि भाच्या, तू हे वाचणारच. तो फोटो अजून तुझ्या पेजवर आहे. लोगो काढ.