‘द ग्रेट गॅट्सबी’ या कादंबरीतली मुख्य सूत्रं कोणती? आणि डेझी शर्ट पाहून रडते ती पैशाला भुलूनच ना?

पुस्तक न वाचलेल्यांसाठी एवढंच: दारूबंदीच्या अमेरिकेत चोरट्या दारूच्या पैशाने श्रीमंत झालेला गॅट्सबी, त्याची जुनी प्रेयसी डेझी आणि तिचा घरंदाज श्रीमंत नवरा टॉम यांची ही गोष्ट. गॅट्सबी डेझीला आपलं घर दाखवताना शर्टांचा ढीग टाकतो, तेव्हा ती त्यात तोंड खुपसून रडते.

दुसऱ्या प्रश्नाचं उत्तर आधी देते. नाही.

प्रश्नाखाली तुम्ही लिहिलंय की तुमच्या सरांनी वर्गात सांगितलं, ‘डेझी रडते कारण आपण चुकीच्या श्रीमंताशी लग्न केलं हे तिला त्या क्षणी कळतं.’ हे वाक्य मी ओळखते. माझ्या सख्ख्या थोरल्या भावाने हेच वाक्य बडोद्याच्या एका कॉलेजात वीस-बावीस वर्षं शिकवलं, आणि ते पटावं म्हणून उदाहरण दिलं ते माझं. नाव न घेता दिलं, एवढीच काय ती कृपा. त्यामुळे उत्तर लांबणार आहे. घाई असेल तर पुढचे दोन परिच्छेद वाचून निघालात तरी चालेल.

सूत्रं म्हणाल तर पिढीजात पैसा आणि कालचा पैसा यांच्यातली तेढ, गेलेला काळ परत आणण्याचा हट्ट, स्वतःला नव्याने घडवणं, आणि श्रीमंतांनी मोडतोड करायची नि बाकीच्यांनी निस्तरायची हा जगाचा न्याय. डॉक्टर एकलबर्गचे जाहिरातीच्या पाटीवरचे डोळे आणि राखेचा पट्टा यांवर गाईडमध्ये पानंच्या पानं असतात, तिथे माझी भर नको. गॅट्सबी लांबून बघत राहतो त्या डेझीच्या धक्क्यावरच्या हिरव्या दिव्याबद्दल एकच सांगते, कारण ते सहसा कुणी लिहीत नाही. डेझी प्रत्यक्ष शेजारी येऊन उभी राहते तेव्हा तो दिवा पुन्हा नुसता धक्क्यावरचा दिवा होतो, आणि गॅट्सबीच्या खजिन्यातली एक वस्तू कमी होते. म्हणजे मिळालं की ओढ संपते, आणि ओढ संपली की या माणसाकडे उरतं काय? कादंबरी तिथे, मध्यावरच संपलेली आहे. पुढचं सगळं निस्तरणं.

जुना पैसा, नवा पैसा हे आम्हा बडोदेकरांना समजावून सांगावं लागत नाही. लेखक फिट्झजेराल्डने खाडीच्या पूर्वेला घरंदाज श्रीमंत ठेवले आणि पश्चिमेला नवश्रीमंत. आमच्याकडे खाडीच्या जागी विश्वामित्री नदी, मगरींसकट. पूर्वेला मांडवी, रावपुरा, दांडिया बाजार, तिथले वाडे. पश्चिमेला स्टेशनापलीकडे अलकापुरी, पुढे जुना पादरा रोड. फरक इतकाच की माझ्या लहानपणी आमच्या पूर्वेकडचा पैसा संपत आला होता आणि ऐट तेवढी उरली होती. दारूबंदीचंही तेच. अमेरिकेत ती १९२० ते १९३३ होती, गुजरातेत राज्य झाल्यापासून, १९६० पासून आहे. ‘बुटलेगर’ हा शब्द मी इंग्रजी कादंबरीच्या आधी गुजराती पेपरात वाचला. आणि नाव बदलून नशीब बदलण्याची गोष्ट तर बडोद्याच्या घराघरात सांगितली जाते. कवळाण्याचा शेतकऱ्याघरचा १२ वर्षांचा गोपाळ १८७५ साली सयाजीराव झाला. पण त्याला महाराणी जमनाबाईंनी दत्तक घेतलं. जेम्स गॅट्झला (हे गॅट्सबीचं मूळ नाव) कोणी घेतलं नाही, म्हणून सतराव्या वर्षी त्याने स्वतःच स्वतःला दत्तक घेतलं. हे शेवटचं वाक्य दादाचं आहे. चांगलं आहे म्हणून देते, परीक्षेत खुशाल वापरा.

आता गीझर.

दांडिया बाजारात आमचा वाडा होता. आमचा म्हणजे पणजोबांचा, आमच्या वाट्याला त्यातल्या चार खोल्या. मागच्या बाजूला एक बिऱ्हाड होतं, आई आणि मुलगा. आई लोकांकडे पापड लाटायला जायची. मुलगा दादाहून दोन वर्षांनी लहान, माझ्याहून तीन वर्षांनी मोठा. पहाटे उठून आमचा बंब पेटवायचं काम माझ्या आईने त्याला लावून दिलं होतं. बदल्यात चहा, नाश्ता आणि दादाची जुनी पुस्तकं. बंबफोड ओली असली की न्हाणीघर धुराने भरायचं. तशाच एका सकाळी, मी तेव्हा सतरा वर्षांची असेन, डोळे चोळत बाहेर आले आणि म्हणाले, ‘नळातून ऊन पाणी येतं अशा घरात मी जाणार बाई, हा धूर काढायला नाही राहणार.’ सकाळी सकाळी माणूस काहीही बोलतं.

त्याचा जीव माझ्यावर होता हे मला कळत होतं. न कळायला मी खुळी नव्हते. मलाही तो आवडायचा, हे आता या वयात लिहायला हरकत नाही. १९८१ साली तो मस्कतला गेला. दोन पत्रं आली. पहिल्याला मी उत्तर दिलं. दुसरं आलं तेव्हा घरात माझं बघायला सुरुवात झाली होती, ते तसंच राहिलं. १९८३ मध्ये माझं लग्न झालं. आमचे हे मकरपुऱ्याच्या जीआयडीसीत, म्हणजे औद्योगिक वसाहतीत सुपरवायझर, बिऱ्हाड बाबाजीपुऱ्यात भाड्याचं, दीड खोली.

१९८८ च्या श्रावणात तो परत आला. अलकापुरीत फ्लॅट घेतला आणि सत्यनारायण घातला. अख्ख्या वाड्याला आमंत्रण, आणि आम्हाला तर दादाबरोबर वेगळा निरोप, ‘जोडीने यायचंच.’ त्या दिवशी पावसाने झोडपलं होतं. स्टेशनचं गरनाळं, म्हणजे रुळांखालचा रस्ता, नेहमीप्रमाणे पाण्याने भरलेलं, रिक्षावाला म्हणाला इथेच उतरा. लेक चार वर्षांची, ती यांच्या खांद्यावर, मी साडीच्या निऱ्या हातात धरून. पोचलो तेव्हा आम्ही पूजेला आलोय का पुरातून वाचून आलोय हे कळत नव्हतं.

त्याने दार उघडलं. सफारी सूट, सेंटचा वास. यांना नमस्कार केला, मला ‘ये’ म्हणाला, आणि मग त्याची नजर लेकीवर गेली. ती नजर मी विसरलेले नाही. माझं लग्न झालंय हे त्याला पत्रातून, दादाकडून, सगळीकडून माहीत होतं. पण हे मूल त्याच्या हिशेबात कुठेच नव्हतं. कादंबरीत डेझीची छोटी मुलगी पहिल्यांदा समोर येते तेव्हा गॅट्सबी तिच्याकडे आश्चर्याने पाहत राहतो, ती खरोखर असेल असं त्याला तोवर वाटलंच नव्हतं. दोन ओळींची जागा आहे. वर्गात तिच्यावर कोणी थांबत नाही. मी ती वाचली तेव्हा पुस्तक मिटून स्वयंपाकघरात गेले होते.

आरती झाली, प्रसादाचा शिरा झाला, मग घर दाखवणं. व्हीसीआर, टू-इन-वन, काचेचा डिनर सेट, सोफ्यावरचं प्लास्टिक अजून काढलेलं नाही. बायका ‘अगं बाई’ करत पुढे पुढे जात होत्या. न्हाणीघरापाशी तो थांबला, बाकीच्यांना पुढे जाऊ दिलं आणि मला म्हणाला, ‘हात धर.’ नळ सोडला. आधी गार, मग कोमट, मग चांगलं चटका बसेल असं ऊन पाणी आलं. तो म्हणाला, ‘धूर नाही.’

एवढंच म्हणाला. आणि मला रडू फुटलं. हुंदके देऊन रडले, हात पाण्याखालीच. पॅसेजमध्ये दादा उभा होता. त्याने पाहिलं आणि तिथल्या तिथे निकाल लावला. गेली पस्तीसेक वर्षं तो निकाल त्याने बदललेला नाही. ‘हातचं गेलं म्हणून रडलीस.’ पुढे नोकरीत हा गॅट्सबी त्याच्या वाट्याला आला आणि शर्टांचं पाचवं प्रकरण शिकवताना त्याला आयता दाखला मिळाला. मला कळलं ते एका हळदीकुंकवाला. त्याची एक जुनी विद्यार्थिनी मला विचारते, ‘ताई, त्या गीझरवाल्या बाई तुमच्याच नात्यातल्या ना हो? सर फार रंगवून सांगायचे.’ मी तिला वाण दिलं आणि आत गेले.

तर मी का रडले ते ऐका, म्हणजे डेझीचंही कळेल. मी एक वाक्य बोलून गेले होते. मला ते आठवतही नव्हतं. हा माणूस सात वर्षं परक्या देशात त्या वाक्यावर राहिला, त्यावर भिंती बांधल्या, छत घातलं, वर पाण्याची टाकी बसवली. आणि ज्या मुलीसाठी हे केलं ती मुलगी मी नव्हतेच. ती त्या सकाळी धुरातच राहिली होती. कोणी आपल्यावर एवढं कर्ज करून ठेवावं, आपल्याला न विचारता, आणि मग ते फेडल्याची पावती आपल्याच हातात द्यावी, याने माणूस घाबरतं. आनंद, लाज, भीती, सगळं एकदम येतं, आणि बोलायला मात्र समोर फक्त गीझर असतो. मी काय म्हणाले माहीत आहे? ‘किती छान पाणी येतं रे.’ डेझी तरी दुसरं काय म्हणते? असे सुंदर शर्ट आपण कधी पाहिलेच नाहीत म्हणते. ती शर्टांबद्दल बोलते कारण समोर शर्ट आहेत.

पुरावा हवा असेल तर याच प्रकरणात जरा मागे जा. बऱ्याच वर्षांत भेट नाही असं डेझी सहज म्हणते, आणि गॅट्सबी तत्क्षणी सांगतो, येत्या नोव्हेंबरला पाच वर्षं. तिची वर्षं नुसती गेली, त्याने मोजून ठेवली. अजून मागे जा, डेझीची मैत्रीण जॉर्डन हिने सांगितलेली लग्नाच्या आदल्या रात्रीची हकिगत वाचा. टॉमने दिलेला साडेतीन लाख डॉलरचा मोत्यांचा हार डेझी कचऱ्याच्या टोपलीत टाकते, तिला आलेलं एक पत्र मुठीत धरून टबात बसते, आणि त्या पत्राचा भिजून लगदा होऊन तुकडे पडायला लागतात तेव्हाच सोडते. पैशाला भुललेली बाई हे करेल? दुसऱ्या दिवशी ती निमूट बोहल्यावर चढते हेही खरं. पण त्या रात्री तिला हार परत कर म्हणणारं घरात एक माणूस नव्हतं. होती ती बर्फ लावून, पोशाख चढवून तिला पुन्हा उभी करणारी.

आणि प्लाझा हॉटेलातला तो उकाड्याचा दिवस. टॉमवर कधीच प्रेम नव्हतं असं तिने म्हणावं ही गॅट्सबीची मागणी. ती म्हणते, होतं, एकेकाळी होतं, आणि तुझ्यावरही होतं. माझ्या मते अख्ख्या पुस्तकातलं सगळ्यात खरं बोलणं हेच, आणि नेमकं तेच त्याला चालत नाही. त्याला पाच वर्षं पुसून हवी आहेत. पैशाने घर येतं, शर्ट येतात, ऊन पाणी येतं. समोरच्या बाईने मधल्या काळात जगलेलं आयुष्य काही पुसून मिळत नाही. पैसा आणि ओढ या विषयावर लिहायचं तर हे लिहा. कादंबरीचा निवेदक निक सगळी गोष्ट सांगतो, पण डेझीच्या मनात एकदाही शिरत नाही, हेही लिहा. शिरला असता तर पुस्तक दुसरंच झालं असतं.

डेझी धुतल्या तांदळासारखी आहे असं मात्र लिहू नका. टॉमची प्रेयसी मर्टल गाडीखाली आली तेव्हा चाक डेझीच्या हातात होतं, आळ गॅट्सबीने अंगावर घेतला आणि तिने घेऊ दिला. त्याच्या मयतीला ना तिचा निरोप, ना एक फूल. तिथे मी तिची वकिली करत नाही. माझा मस्कतवाला सुखरूप आहे, पुढे त्याने भरूचकडची मुलगी केली. त्या बाईंच्या हातची बासुंदी मी खाल्ली आहे.

आणि आणखी एक, दादा हे वाचणार आहेच (लिंक मीच पाठवणार), म्हणून खरं तेच लिहिते. त्या दिवशी घरी आल्यावर लेकीच्या आंघोळीला मी स्टोव्ह पेटवायला बसले. पिन मारून मारून तो पेटेना. तेव्हा मी परत थोडी रडले. ते गीझरसाठी होतं. पण ते बाबाजीपुऱ्यातलं, दादाने ते पाहिलेलं नाही, आणि त्याच्या उदाहरणातही ते नाही.

परीक्षेत शर्टांवर प्रश्न आला तर सरांचं वाक्य उतरवू नका. कापलेच मार्क तर त्यांना विचारा, तुम्ही बडोद्याला कोणाच्या हाताखाली शिकलात? काय सांगतात ते मला इथेच खाली कळवा.