इंदुरात लेझर कटिंगसाठी अ‍ॅक्रिलिक आणि एमडीएफ सगळ्यात स्वस्त कुठे मिळेल? की ऑनलाइन मागवावं?

तुम्ही लिहिलंय की मशीन नुकतंच घेतलंय आणि ३ मिमी अ‍ॅक्रिलिकचा भाव तीन दुकानांत तीन निघाला. स्वस्ताचं मला विचारू नका. स्वस्ताच्या नादी लागून मी एका हरतालिकेला हातात कानस घेऊन रामबागेपासून सुदामानगरपर्यंत १६ घरं हिंडलोय.

त्या वर्षी मखरांच्या ४० ऑर्डरी होत्या. ५.५ मिमी एमडीएफ, खिळा नाही, फेव्हिकॉल नाही, नुसती खाचेत खाच. सपाट पुडकं घरी न्यायचं आणि दहा मिनिटांत मखर उभं करायचं, हीच माझी जाहिरात. पहिल्या लॉटवर नमुना कापला तर खाच इतकी नेमकी बसली की बाबांनीसुद्धा दोनदा काढून-घालून पाहिली. त्याच मापावर २४ मखरं कापली. माल संपला. ज्यांच्याकडून माल घेतो त्या सेठना फोन केला, त्यांनी शीटमागे ४० रुपये कमी लावून दुसरा लॉट लोडिंग रिक्षात घालून पाठवला. मी खूश. मोजलं नाही. उरलेली १६ कापली, पुडकी बांधली, देऊन टाकली.

हरतालिकेला दुपारी पहिला फोन आला: खाच जात नाही. मग दुसरा, मग एकदम चार. रामबागेतल्या पहिल्या घरी वर्नियर (जाडी मोजायचं माप) लावला तर ६.१ मिमी. सेठच्या गोदामात ओल्या भिंतीला टेकवून ठेवलेला माल होता तो. एमडीएफ म्हणजे शेवटी लाकडाचा भुगा आणि डिंक, ओल लागली की फुगणारच. लेझरच्या कामात ०.२ मिमीचा फरक पडला तरी खाच एकतर खुळखुळते नाहीतर अडते, इथे अर्ध्या मिमीच्या वर होता. हातोडी मारावी तर कडेचे पापुद्रे सुटतात. म्हणून कानस. एका मखरात २२ खाचा. निर्जळी उपास धरलेल्या काकू मला चहा विचारत होत्या आणि मी त्यांच्या दिवाणखान्यात भुसा पाडत बसलो होतो. शेवटचं मखर लोकमान्यनगरात रात्री पावणेदोनला उभं राहिलं. मूर्ती तोवर टीव्हीच्या टेबलावर रुमालाखाली बसून होती.

गणपती बसल्यावर सेठकडे गेलो. ते म्हणाले, ‘अरे भिया, बारिश में एमडीएफ तो फूलेगा ही, इसमें अपन क्या करें?’ हे खरंच आहे. पण मग ४० रुपये कशाचे कमी केले होते? त्यावर पान पुढे आलं, उत्तर नाही. घरी आलो तर बाबा सेठच्याच बाजूनं. बाबांचं साइनबोर्डचं दुकान होतं, ३२ वर्षं माल त्याच गादीवरून आणला. त्यांचं म्हणणं, चूक तुझी, तू मोजलं नाहीस. आणि सेठसमोर वर्नियर काढणं म्हणजे त्याला तोंडावर चोर म्हणणं. ही दोन वाक्यं एकाच माणसाच्या तोंडून एका दमात कशी निघतात, ते मला आजतागायत कळलेलं नाही.

तेव्हापासून मी शीट मोजतोच, वर तोलतोही. अ‍ॅक्रिलिकची घनता १.१९. आठ बाय चार फुटांची शीट खरोखर ३ मिमी असेल तर १०.६ किलो भरते. साडेनऊ भरली तर ती २.७ आहे, फिल्मवर काहीही छापलेलं असो. हिशेबापुरते आकडे धरा, भाव रोज हलतो: एक दुकान २,००० सांगतं आणि १०.६ किलोची शीट देतं, दुसरं १,८०० सांगून साडेनऊची देतं. किलोला दोन्ही १८९ च्या आसपास. तुमचे दोनशे वाचले नाहीत, तुम्ही दोनशेचा माल कमी आणलात.

दुसरी फसवणूक मालातच असते. शीटची कड पांढऱ्या कागदावर ठेवून बघा, पिवळट दिसली तर रिसायकलचा संशय धरा. कोपरा पेटवून बघा: अ‍ॅक्रिलिक फारसा धूर न करता तडतडत जळतं, काळी काजळी उडायला लागली तर तुम्हाला पॉलिस्टायरिन विकलंय. कास्ट (ओतून केलेली शीट) म्हणून एक्स्ट्रुडेड (यंत्रातून दाबून काढलेली) गळ्यात मारणारे तर गल्लोगल्ली आहेत. कोरून बघा, कास्टवर अक्षर पांढरंशुभ्र उठतं, एक्स्ट्रुडेडवर पाणचट. नेमप्लेट आणि ट्रॉफ्या करणार असाल तर सगळा धंदा त्या पांढऱ्यावर आहे. सनबोर्ड म्हणजे पीव्हीसीचा फोम, तो मशीनमध्ये घालत नाहीत हे माहीत असेलच, पण ‘पीयू’ म्हणून विकलेलं रेग्झीनसुद्धा बऱ्याचदा पीव्हीसीच निघतं. तांब्याची तार तापवून त्याला टेकवा आणि परत ज्योतीत धरा. ज्योत हिरवी झाली की माल परत. नाहीतर त्याचा धूर आधी तुमची छाती आणि मग मशीनचे रेल खातो.

ऑनलाइन मिरर आणि रंगीत तुकडे मागवा, लहान मापात ठीक पडतात. पूर्ण शीट मागवू नका, कोपरे फुटून येतात आणि मग फोटो पाठवत बसा. इथे घेतलीत तर १३९० च्या (म्हणजे १३०० बाय ९०० मिमी टेबलाच्या) मशीनसाठी आठ-चारचे तीन तुकडे दुकानातच करून मिळतात. आणि भाव विचारताना पक्क्या बिलाचा विचारा. अ‍ॅक्रिलिकवर १८ टक्के जीएसटी आहे. तुमची नियमित नोंदणी असेल तर त्याचं क्रेडिट मिळतं, तेव्हा कच्च्या बिलाचा भाव शेजारी ठेवून तुलना करू नका.

आता उलट बाजू, कारण दादा हे वाचतो आणि मग फोन करतो. कास्ट शीट दोन काचांच्या मध्ये ओततात, त्यामुळे चांगल्या कंपनीचीही जाडी थोडी इकडेतिकडे होते. प्रत्येक २.८ म्हणजे चोरी नव्हे. माझं मखरही निम्मं माझ्यामुळेच अडलं. नवीन लॉट आला की एक पट्टी कापून खाच तपासायची, हे मी केलं नव्हतं. आणि २०२० च्या टाळेबंदीत त्याच सेठनी पाच महिने उधारीचा विषय काढला नाही. ऑनलाइनवाला हे करणार नाही. उधारीचं व्याज भावातच धरलेलं असतं हे मी बाबांना कागदावर मांडून दाखवलंय. त्यांनी कागद घडी करून खिशात ठेवला.

निम्मा माल मी अजून तिथूनच घेतो. काटा मात्र माझा, भंगारवाल्याकडून घेतलेला, लटकवायचा. परवा गोदामात शीट दोरीला अडकवली तेव्हा सेठ म्हणाले, ‘पिताजी ने तो कभी नहीं तौला.’ मी म्हटलं, ‘पिताजी ब्रश से लिखते थे.’ शीट दहा किलो दोनशे ग्रॅम भरली. घेतली.