वाचकांचे प्रश्न : निवडक कांद्यांच्या उळ्यातून वेगवेगळे कांदे का निघतात?

प्रश्न : आमच्याकडे द्राक्षबाग आणि उन्हाळ कांदा अशी दोन्ही पिके आहेत. बागेतील सर्व झाडे एकसारखी असतात. कांद्याचे मात्र एकाच रंगाचे व आकाराचे कांदे निवडून डोंगळे (बियाण्यासाठी लावायचे कांदे) लावले आणि घरचे उळे (कांद्याचे बी) धरले, तरी पुढच्या पिकात काही कांदे फिकट, काही लांबट निघतात. नाशिकला महाविद्यालयात शिकणारी माझी मुलगी म्हणते, की हे अर्धगुणसूत्री विभाजनामुळे होते. ते नेमके काय असते?
— एक शेतकरी वाचक, निफाड तालुका

उत्तर : मुलीचे म्हणणे बरोबर आहे, पण ते अर्धे उत्तर आहे.

द्राक्षबाग आपण बियांपासून लावत नाही. डॉगरिज जातीच्या खुंटावर थॉमसन या द्राक्षजातीची काडी भरली, की तिच्या डोळ्यातून वाढणाऱ्या पेशी सूत्री विभाजनाने तयार होतात. प्रत्येक गुणसूत्राची (पेशीतील आनुवंशिक गुण वाहणाऱ्या धाग्याची) एक प्रत तयार होते आणि दोन्ही नव्या पेशींना पूर्ण संच मिळतो, त्यामुळे द्राक्षाची 38 गुणसूत्रे 38च राहतात. (तेथेही क्वचित एखाद्या फांदीत बदल घडतो, सोनाका ही थॉमसनमधूनच निवडलेली जात आहे.)

उळे फुलातून येते. कांद्याच्या पेशीत 16 गुणसूत्रे, म्हणजे 8 जोड्या असतात आणि प्रत्येक जोडीतील एक गुणसूत्र परागाकडून, तर दुसरे अंडपेशीकडून आलेले असते. हे दोघेही 16-16 गुणसूत्रे देऊ लागले, तर पुढच्या पिढीत 32, त्यापुढच्या पिढीत 64 होतील. म्हणूनच संख्या निम्मी करणारे विभाजन असलेच पाहिजे, असे जर्मन शास्त्रज्ञ ऑगस्ट वाइझमान यांनी 1887 मध्ये मांडले होते.

हेच अर्धगुणसूत्री विभाजन. त्यात गुणसूत्रांची प्रत एकदाच होते, पेशी मात्र दोनदा विभागते. खरी उलथापालथ पहिल्या भागाच्या सुरुवातीला, म्हणजे पूर्वावस्थेत घडते. समजात गुणसूत्रे, म्हणजे एकाच जोडीतील दोघे, शेजारी येऊन लांबीभर एकमेकांना चिकटतात, काही ठिकाणी तुटतात आणि तुकड्यांची अदलाबदल करून पुन्हा सांधली जातात, त्यामुळे त्यानंतरचे गुणसूत्र पूर्णपणे आईचे किंवा बापाचे राहिलेले नसते. मग जोड्या फुटतात आणि कोणत्या जोडीतील कोणते गुणसूत्र कोणत्या बाजूला जाईल, हे दर जोडीत स्वतंत्रपणे ठरते. 8 जोड्यांमुळे केवळ या वाटणीतून 256 प्रकारचे संच संभवतात. पराग आणि अंडपेशी दोन्ही धरली, तर 65,536, आणि यात तुकड्यांची अदलाबदल मोजलेलीच नाही. दुसरा भाग बराचसा सूत्री विभाजनासारखाच असतो. त्यात प्रती वेगळ्या होऊन 8-8 गुणसूत्रांच्या चार पेशी उरतात.

परागकोशात या चारही पेशींचे परागकण होतात. बीजांडात चारपैकी तीन पेशी नष्ट होतात, असे पाठ्यपुस्तकात असते. कांद्याचा रिवाज जरा वेगळा आहे. त्याच्यात पहिल्या विभाजनानंतरच दोनपैकी एक पेशी संपते आणि दुसरीतून आलेली दोन्ही केंद्रके मिळून भ्रूणकोश (ज्यात अंडपेशी असते) घडवतात.

मुलीला हे प्रयोगशाळेत पाहता येईल. न उमललेल्या गोंड्यातील (फुलांच्या गुच्छातील) अगदी बारीक कळ्या तीन भाग अल्कोहोल व एक भाग ॲसेटिक आम्ल यांच्या मिश्रणात ठेवाव्यात, नंतर परागकोश ॲसिटोकार्मिन या रंगद्रव्यात ठेचून सूक्ष्मदर्शकाखाली पाहावा. परागकोश पिवळा दिसू लागला असेल, तर बहुधा विभाजन उरकलेले असते.

उरलेले अर्धे उत्तर मधमाश्यांकडे आहे. कांद्याच्या फुलात परागकण आधी मोकळे होतात आणि कुक्षी (पराग स्वीकारणारे टोक) नंतर तयार होते, त्यामुळे पराग बहुतेक वेळा दुसऱ्या फुलाचा, प्रसंगी शेजारच्या शेतातल्या डोंगळ्यांचाही असतो. तेव्हा डोंगळे इतर वाणांपासून दूर लावावेत आणि वेगळ्या दिसणाऱ्या झाडांचे गोंडे फुलण्याआधीच खुडावेत. मात्र एकसारखेपणाच्या हव्यासापायी मोजक्याच कांद्यांवर उळे धरू नये. जवळच्या नात्यातील परागीभवनाने कांद्याचे वाण लवकर दुबळे होते.