मे महिन्यात घरच्यांना घेऊन कळसूबाई?

जरूर जा. १६४६ मीटर ऐकून दचकू नका. बारी गावातून वाट मळलेली आहे आणि अवघड जागी लोखंडी शिड्या आहेत. मे महिन्यात खरा प्रश्न उन्हाचा. नवखे लोक पोहे-चहा आटोपून आठला चढायला लागतात आणि शिड्यांशी पोचेपर्यंत लोखंड हाताला चटके देतं. तुम्ही आदल्या रात्री बारीतच मुक्काम करा, पहाटे चारला टॉर्च घेऊन निघा, दहा-साडेदहापर्यंत खाली या. बाकी काही विसरलात तरी चालेल, हे नको.

मग एवढंच:

- माणशी तीन लिटर पाणी. वाटेत लिंबूसरबत मिळतं बहुतेक, पण त्याच्या भरवशावर राहू नका.
- बूट वापरातले. कोरे बूट उतरताना नखं काळी करतात. जीन्स तर नकोच.
- वेग सगळ्यात हळू चालणाऱ्याचा. पोरं पुढे पळणारच, त्यांच्याबरोबर एक मोठं माणूस द्या.

आई 'मी इथेच बसते' म्हणाल्या तर आग्रह करू नका, कुणीतरी सोबत थांबा. शक्यतो रविवार टाळा, शिडीखाली रांग लागते. सॅक कुठली, ट्रेकिंगच्या काठ्या घ्यायच्या का, हे परत आल्यावर विचारा.